एका बाजूला बारा

मी, काल पाळण्यातून पडून मेलेल्या रंगाऱ्याची थोरली बहीण, वय ३६, धंदा नोकरी (रंगकामाच्या ठेकेदाराकडे टायपिंग व हिशेब), राहणार ऑफिसमागच्या खोल्या, कोणी न बोलावता ठाण्यात येऊन समक्ष सांगते की,

इमारतीला बाहेरून रंग देताना गच्चीवरून दोरांनी पाळणा सोडतात. तो तोलून धरायला वर दोन्ही बाजूंना लोखंडी वजनं रचतात. माझा भाऊ ती अंदाजाने, चार जास्तच रचत असे. मध्यंतरी इंजिनिअर साहेबांनी फर्मान काढले की अंदाजपंचे काम बंद, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आकडा काढून घ्यायचा.

काल सकाळी भाऊ आकडा विचारायला आला. मी कॉम्प्युटरवरचा कॅल्क्युलेटर उघडून लागणाऱ्या एकूण वजनांना दोनने भागले व बरोबरच्या चिन्हाचे बटण दाबले. कॉम्प्युटर अडकल्यासारखा वाटला, म्हणून पुन्हा दाबले. एका बाजूला बारा आले. भाऊ म्हणाला, "ताई, एवढीच? तुझं मशीन आज उपाशी आहे वाटतं." मी म्हणाले, "मशीनपेक्षा तू शहाणा का? जा, डोकं खाऊ नकोस." तो हसून म्हणाला, "बरं बाई, तुझंच खरं." साहेब शेजारीच फोनवर होते. त्यांनी आकडा ऐकून मान हलवली.

पाळणा सहाव्या मजल्याशी असताना वरची वजनं उचलली गेली. मी आवाज ऐकला. मला वाटले, पत्रे उतरवत आहेत.

नंतर मी तोच हिशेब पुन्हा केला. बटण एकदा दाबले की चोवीस येतात. दुसऱ्यांदा दाबले की कॅल्क्युलेटर मुकाट्याने आणखी एकदा भागतो व बारा दाखवतो. सात वर्षे मी त्यावर काम करते, मला हे माहीत नव्हते.

संध्याकाळी साहेब घरी आले. म्हणाले, "तुम्ही चोवीस सांगितलीत, त्याने आळसाने बाराच चढवली, एवढं लिहून द्या. गेलेल्याला आता काय फरक पडतो?" माझा भाऊ आळशी नव्हता. साहेब गेल्यावर आई म्हणाली, "दे लिहून. तुझ्यावाचून मला कोण उरलंय?" मी इकडे आल्याचे तिला ठाऊक नाही.

याने मीच अडकेन, असे हवालदारांनी मला दोनदा समजावले. मला ते समजते. जबाब त्यांनी वाचून दाखवला. भाऊ आळशी नव्हता हे वाक्य कामाचे नाही, काढू का, असे त्यांनी विचारले. ते राहू द्यावे. बाकीही माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.