दिलदारचा न तुटणारा बोल्ट

...तर मला तुम्हीच सांगा, जो बोल्ट तुटायसाठीच जन्माला आलाय त्याला बोल्ट म्हणायचं का? न्हाय, सांगा की! माठ फुटतो, मान्य. चपलेचा अंगठा तुटतो, तेबी मान्य. पण पावणं, लोखंडाचा बोल्ट, आणि तो मोडावा म्हणून मुद्दाम मऊ करून ठेवलेला? ह्या कोल्हापुरात? जिथं माणूस वाकत न्हाय तिथं लोखंडानं मोडायचं? मशीनचा काय दोष न्हाय हां, ते आधीच सांगून ठेवतो. मशीन सोनं हाय. पण तो बोल्ट!

मशीन म्हणजे बेलर. वाळलेलं गवत एका बाजूनं गिळतं आणि दुसऱ्या बाजूनं सुतळीनं बांधलेला चौकोनी गठ्ठा बाहेर टाकतं. कागलच्या एका पावण्याकडनं आणलं. जुनं. किती जुनं? राजमती, म्हणजे आमची मंडळी, तिनं बघितल्या बघितल्या विचारलं, "आवं, हे चालवायचंय, का ह्याच्यापुढं रोज दिवा लावायचाय?" पण आत बघाल तर खुळं व्हाल! एक लोखंडी ठोकळा पुढं-मागं आपटतोय, खालनं दोन वाकड्या सुया वर येत्यात, आणि एक चोच हाय, चिमणीएवढी, ती गाठ मारती. गाठ! आमच्या लग्नात उपाध्यांनी मारलेली गाठ मंडपातच सुटलीवती, ह्याची सुटत न्हाय. आणि हे सगळं फिरवायला बाजूला एक दांडगं चाक, आणि त्या चाकाला... तो बोल्ट.

आता मशीन कशाला, असं विचाराल. तर पन्हाळ्याच्या पायथ्याला आमचा गवताचा माळ. दिवाळी झाली की गवत कापायचं, वाळवायचं आणि गंजी रचायची. ते काम पैऱ्यानं. पैरा म्हणजे आज सगळ्यांनी माझ्या माळावर यायचं, उद्या मी सगळ्यांच्या. मजुरी न्हाय, नुसती घामाची उसनवारी, आणि काम झालं की ज्याचा माळ त्याच्या घरची पंगत. आणि बोलवायचं ते दारात जाऊन. फोन केला तर माणसं रुसत्यात. जन्म गेला ह्यात. तर मशीन आलं त्या दिवशी मी डेअरीवर, सगळं गाव किटल्या घेऊन उभं असताना, मोठ्यानं म्हटलं, "गणपतराव, औंदा माझ्या माळावर यायचे कष्ट घेऊ नका. मीबी कुठं येणार न्हाय. आपला पैरा बंद!" गणपतराव म्हणजे आमच्या पैऱ्याचा म्होरक्या. त्यानं किटलीचं झाकण लावलं आणि एवढंच म्हणाला, "बरं झालं की. सगळ्यात आधी पंगतीला बसणारं एक माणूस कमी झालं."

हसली की हो सगळी! माझ्या कानात ते हसणं अजून हाय.

मग काय, ईर्षेनं मशीन जोडलं ट्रॅक्टरला. आवाज? पन्हाळ्यावर सहलीला आलेली माणसं तटावर येऊन वाकून बघाय लागली, किल्ल्याला वेढा पडला काय म्हणून! आमची एक म्हैस त्या दिवसापास्नं दूध द्यायच्या आधी मागं वळून बघती. खोटं वाटत असंल तर येऊन बघा. जरा गवत चारलं... खट्! बोल्ट तुटला. दुसरा घातला... खट्! कागलच्या पावण्याला फोन लावला तर तो हसतोय. "तुटू दे की! गवत आत तुंबलं की बोल्ट तुटणार आणि मशीन थांबून वाचणार. तुटायसाठीच हाय तो. म्हणून तर डबाभर दिल्यात!"

डबाभर! म्हणजे जावयासोबत त्याला रुसायची कारणंबी आधीच बांधून दिल्यागत झालं. मशीनचा काय दोष न्हाय हो, पण हे मला पटणार कसं? मी तो डबा उचलला आणि गोठ्याच्या फाटकाला सगळे बोल्ट ठोकून टाकले. आणि एक तुटका खिशात घालून तडक कोल्हापुरात शाहूपुरीत, दिलदार मिस्त्रीच्या लोखंड कातायच्या लेथवर.

दिलदारनं बोल्टाचा तुकडा हातात घेतला आणि तोंड असं केलं, जसं कुणी त्याच्या चहात मीठ टाकलंय. "अण्णासो, ये क्या बोल्ट हाय? हे तर खडू हाय खडू! थांबा, असा करून देतो... मशीन मोडंल, पण बोल्ट मोडणार न्हाय!"

आणि मी काय म्हटलं माहीत हाय? मी म्हटलं, "शाब्बास!"

आता तो दिवस ऐका. माळावर सगळं गवत कापून, वाळून, ओळींनी पसरलेलं. पाच म्हशींची पावसाळ्यापर्यंतची वैरण. सकाळी ऊन कडक, दिलदार स्कूटरवरनं खास चाकात बसवलेला आपला बोल्ट बघायला आलेला, राजमती बांधावर. आणि दुपार कलली तसा पन्हाळ्यामागनं एक ढग वर आला. काळा. मग त्याच्या मागनं त्याचे भाऊबंद. वारा पडला. तुम्हाला सांगतो, भिजलेलं गवत काळं पडतं, त्याला वास सुटतो, मग म्हैस काय, शेळीबी तोंड लावत न्हाय. राजमती ओरडली, "आवं, गणपतरावांस्नी बोलवा!" मी म्हटलं, "मेलो तरी न्हाय!" आणि टाकला गिअर.

धाड् धाड् धाड्... पहिला गठ्ठा पडला! कसला घट्ट! दुसरा पडला! तिसरा! दिलदार ओरडतोय, "चलने दो, अण्णा!" मी वर ढगाकडं बघतोय, खाली गवताकडं बघतोय, ढग सरकला की मी पळवतोय, मी पळवलं की ढग पळतोय... आणि कोपऱ्यातली ओळ होती जाड, माझ्याच हातनं ओढलेली, तिथं हळू घ्यायचं होतं, पण हळू घेतो कोण? घातलं तसंच. आत गेला गवताचा बोळा. ठोकळा अडकला, सुया वर आल्या त्या वरच राहिल्या, ट्रॅक्टरनं हुंदका दिला... आता इथं बोल्टानं तुटायचं होतं. खट् म्हणायचं होतं. एवढंच त्याचं काम होतं. म्हटला न्हाय!

कडाड्!

चाक जागेवरनं निसटलं, गिअरच्या पेटीचे दोन तुकडे झाले आणि काळं तेल माझ्या पांढऱ्या टोपीवर. आणि दिलदार हळूहळू पुढं आला, खाली बसला, बोल्टावरनं अंगठा फिरवला, आणि पोराचं कौतुक करावं तसं म्हणतोय, "अण्णा, बघा... ओरखडासुद्धा न्हाय!"

आता ह्याला काय करायचं, सांगा मला! मशीनचा काय दोष हाय ह्यात?

राजमती बांधावरनं उतरून आली. मला वाटलं, आता माझी हजेरी घेणार. तिनं माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि म्हणाली, "मशीनकडं नंतर बघा. ढगाकडं बघा. म्हशींच्या पुढं काय माझी लुगडी टाकू? जावा!"

गेलतो मग. गणपतरावाच्या दारात. तेलानं माखलेली टोपी काढून हातात धरली. तो ओसरीवर दोर वळत बसलेला. वर न बघता म्हणतोय, "या की अण्णासो. काय म्हणतंय मशीन?"

"जरा... थांबलंय."

"थांबू दे की. पाणी पाजा. दमत असंल."

"गणपतराव, पाऊस येतोय."

"व्हय, दिसतोय खरा. पण पैरा बंद न्हवं? डेअरीवर सगळ्यांनी ऐकलंय."

मग मी म्हटलं, "चुकलं. चालू करा. मी सगळ्यांच्यात येतो, दोन दोन पाळ्या येतो."

तो एकदम उठला. "मग इथं टोपी धरून काय उभारलायसा? माणसं कवाच वेशीत थांबल्यात! तुमचं ते धाड् धाड् बंद पडल्यापास्नं दोर घेऊन उभी हाईत. तुम्ही दारात आल्याबिगर यायचं कसं, एवढंच अडलंवतं!"

मग जी पळापळ झाली! बाप्ये भारे बांधतायत, बाया डोक्यावरनं न्हेतायत, दिलदार लेथवाला माणूस, जन्मात गवताला हात लावला न्हाय, तोबी भारा डोक्यावर घेऊन उलट्या दिशेला पळतोय. गणपतराव गंजीवर उभारून शिव्या घालतोय, "अरे अण्णासो, तुझ्या मशीनला सांग, जरा हात लाव म्हणावं!" गंजी चढली, वर ताडपत्री आली, तिच्या टोकाला दगड बांधला आणि पहिला टिपूस त्या दगडावर पडला! एक काडी भिजली न्हाय. आम्ही जैन, दिवस बुडायच्या आत जेवणारं आमचं घर. राजमतीनं त्या पावसातच पंगत वाढली, आणि मला सगळ्यात शेवटी बसवलं.

तेव्हापास्नं पैरा फेडतोय. रोज एकेकाचा माळ. परवा गणपतरावाच्या माळावर होतो. भाकरी खाताना तो जवळ सरकला, इकडं-तिकडं बघितलं, आणि बारीक आवाजात म्हणतोय, "अण्णासो, त्या कागलच्या पावण्याकडं... तसलंच आनखी एक हाय म्हणं?"

"काय, मशीन?"

"हळू बोला की! तुम्हाला चालवता आलं न्हाय, ते सोडा. नंबर द्या."

दिला नंबर. काय करता? आजच टेम्पोत घालून आणतोय म्हणं. त्याच्या ओढ्यापलीकडचं गवत अजून उभं हाय, आणि आभाळ बघा कसं भरून आलंय... दारात पैऱ्याचं बोलावणं येणारच, म्हणून मी आपलं आत्तापास्नंच कंबर शेकायला घेतलीय.