ताई धाग्याच्या घड्या बघायची

जय भीम. नमस्कार. कामधाम सोडून तुम्ही सगळे ताईच्या शोकसभेला या विहारात आलात. चाकणहून माझ्या कंपनीच्या लाइनवरची पोरं आलीत, ताईच्या लॅबमधली मंडळी आलीत, मावशी आलीये. मला भाषण येत नाही. सारखा अडखळतोय, ते तुम्हाला दिसतंच आहे. तुम्हाला वाटेल, दुःखानं अडखळतोय. दुःख आहेच हो. पण खरं सांगू? भीतीनं अडखळतोय.

सुजाताताई माझी मोठी बहीण. भोसरीत पत्र्याच्या खोलीत आम्ही वाढलो. ती शिकली, संशोधक झाली, वाकडला राहायला गेली. तरी रविवारी सुकट-भाकरी खायला आमच्याकडेच. मी विचारायचो, "ताई, दिवसभर करतेस तरी काय गं?" ती म्हणायची, "धागा कसा बसलाय ते बघते." आपल्या प्रत्येक पेशीत माणसाच्या उंचीहून लांब डीएनएचा धागा असतो म्हणे. डोळ्यांना दिसत नाही एवढ्याशा जागेत तो घड्या घालून बसतो. मी म्हटलं, "कोंबलाय म्हण की!" चिडलीच ती. "कोंबलेला नाहीये रे संज्या! कुठला भाग कुणाला टेकायचा, कुठला आत केंद्रकाच्या भिंतीला धरून गप्प बसायचा, सगळं ठरलेलं असतं. त्यावर पेशीचं काम चालतं."

"म्हणजे आमच्या हार्नेससारखं," मी म्हटलं. गाडीतल्या वायरींच्या बांधलेल्या जुडग्याला हार्नेस म्हणतात, मी त्याच लाइनवर आहे. ताई खूश! "सांग, सांग!" मग मीच मास्तर. म्हटलं, वायरिंग बोर्डावर लावून तपासलं, हिरवा दिवा लागला, माल पास. पण क्लिप बोटभर सरकलेली असेल, तर वायर पत्र्याला घासत राहते. गाडी कंपनीतून झकास निघते. आणि एक दिवस रस्त्यात बंद पडते.

आमची आई अशीच गेली. भांडी घासता घासता. लोक म्हणाले, गॅस झाला असेल. आम्हीही तेच धरून चाललो. मग मागच्या वर्षी ताईची छाती धडधडायला लागली. तपासण्या झाल्या. दोष निघाला तो त्या आतल्या भिंतीच्याच जनुकात. धागा ज्या भिंतीला धरून बसतो, ती भिंत आमच्या घरात कच्ची. सगळा जन्म जिनं त्या घड्या बघण्यात घातला, तिच्याच वाट्याला हे यावं? राव, याला काय म्हणायचं?

तोवर तिचं हृदय पार थकलं होतं. दवाखान्यात पडल्या पडल्या ती स्वतःचं बोलायचीच नाही. एकच धोशा. "संज्या, रक्त तपासून घे. रुचालाही ने." रुचा माझी मुलगी, ही पुढं बसलीये. मी म्हटलं, "अगं, कंपनीच्या मेडिकलमध्ये पास झालोय मी. ईसीजी एकदम क्लीन." ताईनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "हिरवा दिवा लागला, नाही का?"

आता जिना चढताना दम लागला की मी मधेच थांबतो. हा नुसता दम, की ते? रुचा पळत आली की ओरडतो, "पळू नकोस!" पोरगी बावरून जाते. मी घाबरलोय, भावांनो. माझं काय निघेल, याची भीती आहेच. रुचाचं काय निघेल, या विचारानं तर रात्री उठून तिचा श्वास चालू आहे का बघतो. डॉक्टर म्हणतात, वेळेत कळलं तर औषधं आहेत, गरज पडलीच तर छातीत बसवायचं यंत्र आहे. ताईला उशीर झाला. आम्हाला कदाचित झालेला नाही. तरीसुद्धा पाय उचलत नाही.

मावशी, तू आईची सख्खी बहीण, हा दोष तुझ्यातही असू शकतो. रागावू नकोस, चारचौघांत बोलतोय. तू चल, तुझी पोरं घे. मी उद्या सकाळी रुचाला घेऊन रक्त तपासायला जाणार आहे. एकट्यानं जायची माझी हिंमत नाही.

आता ताईसाठी जरा वेळ शांत उभं राहू. या शांततेचीच मला धास्ती आहे, खरंच. लाइनवर मशिनी चालू असतात तोवर बरं असतं. सगळं थांबलं की छातीतलं ऐकू यायला लागतं.

उठा सगळे. रुचा, बाळा, इकडं ये. माझा हात धर.