खटकावाल्यांचा बाप

नाही नाही देवरामभाऊ, अट तुमची बरोबरच आहे. मी तर बोलतो, एकदम बरोबर. बँड बंद, गिटार माळ्यावर, पोरगं उद्यापासून माझ्यासोबत केळीच्या धंद्यात – कोणत्याही मुलीच्या बापानं हेच बोलावं. माझी मुलगी असती तर मीपण हेच बोललो असतो, वर केस कापायची अट जादा टाकली असती. घ्या ना, दराबा घ्या. बुरहानपुरात येऊन ही मिठाई खाल्ली नाही तर यावलला वापस जाऊन काय सांगाल? – तो हॉर्न? काही नाही, आपलीच पिकअप आहे. तुमची गाडी तिच्यापुढे लागली ना, म्हणून गोटू वाजवून राहिला. गोटू मतलब त्यांचा ड्रमवाला. हॉर्नपण तालात वाजवतो, ऐका, त्याला सीधा वाजवताच येत नाही. राहू द्या, तुम्ही उठू नका. पुण्याला कार्यक्रम आहे त्यांचा, सामान भरून बसले आहेत. पण ललितनं मला सकाळीच सांगितलं, ‘पप्पा, तुम्ही देवरामकाकांना जो शब्द द्याल तो मी पाळणार. तुम्ही हो बोललात तर सामान उतरवतो.’ असं बोलला. बापाच्या शब्दावर गाडी थांबवणारं पोरगं आजकाल मिळतं का, तुम्हीच सांगा. हा बघा, नारळपण ताटात ठेवून दिला आहे मी. मतलब, माझ्याकडून तर हो आहेच. – हे? गळ्याशी काळं दिसतं ते? बनियन आहे. आता काळी बनियनपण येते.

पण तुम्ही मुलगी देणार, तर तुम्हाला सगळं माहीत पाहिजे. उद्या बोलाल, दिगंबरनं लपवलं. हे सुरू कसं झालं, तर गोटूच्या घरी लोधीपुऱ्यात पॉवरलूम आहेत. त्या मागांच्या खडखडाटात हे तिघं वर्षभर सराव करत होते अन् गल्लीत कुणाला पत्ता नाही. लोकांना वाटलं, गोटूच्या बापानं एक माग वाढवला. मग एके दुपारी लाइट गेली. सगळे माग बंद, अन् खडखड चालूच. तेव्हा लोधीपुऱ्याला कळलं की आपल्यात बँड आहे. मलापण तेव्हाच कळलं – मी समजत होतो पोरगं बँकेच्या परीक्षेच्या क्लासला जातं. तीन जण आहेत. माझा ललित गातो, गोटू बडवतो, अन् नेपानगरचा योगेंद्र ती जाड तारांची गिटार वाजवतो, पूर्ण कार्यक्रमात एक शब्द बोलत नाही. त्याचा बाप सुखी माणूस आहे. बँडला नाव काय ठेवलं, तर ‘खटका’. मागाचा असतो ना, धोटा फेकणारा, त्यावरून. मी बोललो, अरे दुसरं काही शुभ नाव नाही मिळालं? पण माझं ऐकतो कोण.

तर अक्कल कशी जाते ते ऐका. माझी अक्कल. यांना बाहेरगावी वाजवायचं होतं. जवळ काय? काही नाही. ललित बोलला, पप्पा, केळीची पिकअप द्या. मी विचार केला – अन् मला त्या दिवशी वाटलं की माझ्याएवढा हुशार माणूस तापीच्या दोन्ही काठांना नाही. पोरगं लग्नाचं झालं होतं. घरी बसलेल्या पोराला कोण बघायला येणार? पण पोरगंच गावोगाव फिरलं तर? मी बोललो, गाडी घेऊन जा, पण लॉजवर राहायचं नाही, आपल्या नातेवाइकांकडेच मुक्काम करायचा. अन् इकडून मी एकेकाला फोन लावले. फैजपूरला चुडामण, माझा साडू. त्याला बोललो, पोरगं येऊन राहिलं, जरा मुलीवाले गोळा करून ठेव, बघून घेतील. दोन-चार ठिकाणी बघणं होईल, कुठंतरी पसंती येईल, लग्न झालं की गिटार आपोआप सुटेल. माझी गिटार सुटली नव्हती का? – नाही, गिटार नव्हती, बासरी होती, जाऊ द्या ती.

झालं काय, चुडामणनं पाहुणे घरी नाही बोलावले, सीधे कार्यक्रमातच नेले. कॉलेजचा हॉल. मागं कॉलेजची पोरं, अन् पुढच्या दोन रांगांत आपले टोपीवाले, नऊवारीवाल्या, कुंकवाचे करंडे घेऊन बसलेल्या. यांनी ड्रम-बिम सगळं केळीच्या पाल्यात गुंडाळून नेलं होतं, घड नेतो तसं, माझ्याच हातानं भरून दिलं होतं – तो पाला स्टेजवर सांडलेला. पहिलं गाणं झालं. टाळी कोण वाजवणार, पाहुणे विचारात पडले होते. तेवढ्यात चुडामणची आई, सोजरबाई, उठून उभी राहिली अन् मोठ्यानं विचारते, ‘बापू, गाणं ठीक आहे, शेती किती आहे?’ मागं पोरं हसायला लागली. ललितच्या जागी मी असतो तर तिथंच पळून गेलो असतो. हा माइकवर बोलतो, ‘आजी, शेती आहे, पण पप्पांच्या नावावर.’ मग दुसरी उठली, पाणी किती? तिसरा बोलला, घरी खाणारी तोंडं किती? अन् मागून गोटूनं त्या सवालांवर ताल धरला. ‘शेती किती, पाणी किती, घरात खाणारी तोंडं किती’ – ललितनं तिथंच गायला घेतलं. हॉल उभा राहिला, देवरामभाऊ. कुणीतरी मोबाइलवर उतरवून घेतलं, अन् आठ दिवसांत ते गाणं इंदूरपासून अकोल्यापर्यंत लग्नांत वाजायला लागलं. मतलब मी बँड बंद करायला गेलो अन् बँडला गाणं देऊन आलो. आहे का माझ्याएवढा हुशार कुणी?

मग काय, एका पाहुण्यानं दुसऱ्याला फोन करायचा – पोरं आली होती, चांगली आहेत, तुमच्याकडे बोलवा. रावेर, भुसावळ, मलकापूर, तिकडं खंडवा. जिथं जातील तिथं आपलाच कुणी मुक्कामाला घेतो. सोजरबाई तर डबा भरून कुरडया देते, ‘खटकावाल्यांसाठी’ म्हणून वेगळा डबा. पोरं आता कार्यक्रमाला केळीचं पान घेऊन येतात अन् गाणं सुरू झालं की हलवतात. माझ्या बागेचं नुकसान सोडा, पण दिसायला छान दिसतं, खोटं कशाला बोलू. फक्त मुलगी कुणी देत नाही. जेवायला आग्रह करतात, ‘गाणं आणखी एकदा’ बोलतात, अन् मुलीचं विचारलं की सगळ्यांना खोकला येतो. ललितची आई, ज्योत्स्ना, आतून रडते, मला दिसतं ते. तुमचा फोन आला तेव्हा तिनं शेजारी जाऊन सांगितलं. तुम्ही पहिले आहात भाऊ, म्हणून बोलतो, अट तुमची बरोबर आहे.

मी? मी नाही जात. नाही, सुरुवातीला ड्रायव्हर नव्हता म्हणून गेलो. मग मलकापूरला गेलो, कारण गाडीचा क्लच बिघडला होता. अकोल्याला – अकोल्याला असाच गेलो. तिथं काय झालं, ललितचा गळा बसला. स्टेजवर उभा राहिला अन् आवाजच निघेना. मी मागं पडद्याआड वायरी धरून बसलेलो, हातात जादाचा माइक. वाटलं, आता शिट्ट्या मारतील, हाकलून देतील. अन् समोरच्या लोकांनी गायला सुरुवात केली. पूर्ण गाणं, भाऊ. सगळे सवाल. ललित नुसता उभा, त्याच्या डोळ्यांत पाणी. अन् मी मागं बसून गाऊन राहिलो, मोठमोठ्यानं, मला काय माहीत हातातला माइक चालू आहे. माझा आवाज तुम्ही आता ऐकूनच राहिलात. पूर्ण अकोल्यानं ऐकला. लोकांनी गाणं थांबवलं अन् ‘पप्पा, पप्पा’ ओरडायला लागले, मला ओढून पुढं नेलं. पायात स्लीपर, तोंडात सुपारी. तेव्हापासून कुठंही गेलो की पोरं पप्पा बोलतात, सेल्फी काढतात. कोण मला विचारत होतं हो आधी? केळीच्या लिलावातपण लोक माझं नाव विसरतात.

बरं, बनियन नाही ती. टी-शर्ट आहे. खटक्याचा. मागं ‘पप्पा’ लिहिलं आहे, गोटूनं छापून आणला. पुण्याला जायचं म्हणून सकाळीच घातला होता, मग तुम्ही येणार म्हटल्यावर वरून पांढरा सदरा घातला. आता सांगितलंच तर सांगितलं. हसा.

मला भीती वाटत नाही असं नाही. आज आहे, उद्या कुणी विचारलं नाही तर हा काय खाईल, या विचारानं माझी झोप जाते. तुम्ही बोलता ते सगळं मी त्याला बोलून चुकलो आहे, तुमच्यापेक्षा वाईट शब्दांत. पण एक विचारू? यावलच्या कार्यक्रमाला तुम्हीपण होता ना. मी वायरींजवळ बसतो, तिथून सगळ्यांची डोकी दिसतात. दुसऱ्या रांगेत होता तुम्ही, अन् तुमची मान हलत होती. डास होते? बरं, डास होते. अन् तुमच्या बाजूला तुमची मुलगी, वैजयंतीच होती ना? तिचा फोटो आला तेव्हाच ओळखलं मी. ती खुर्चीवर उभी होती भाऊ. हातात केळीचं पान होतं. पूर्ण गाणं पाठ होतं तिला.

मग ही अट कुणाची आहे? तिची का तुमची? – नाही, रागानं नाही विचारत. तिला विचारलं का तुम्ही? असं नका बघू, साधी गोष्ट आहे.

माझ्या बापानं मला नाही विचारलं. बासरी होती, बोललो ना मघाशी. त्याच्यावर मी रडत बसलो नाही, केळी विकली, घर केलं, सगळं चांगलं झालं. पण त्या अकोल्याच्या स्टेजवर मला पहिल्यांदा कळलं की चांगलं काय असतं. आज सकाळपासून मी घोकून राहिलो – हो बोलायचं, हो बोलायचं, पोराचं घर वसू दे. नारळपण मीच सोलला. अन् तो बाहेर उभा आहे, माझ्या शब्दाची वाट बघत. तो बिचारा उतरवेल सामान. एक शब्द उलटा बोलणार नाही, मला माहीत आहे ना. तेच तर मला पाहवणार नाही.

वैजयंतीला विचारा देवरामभाऊ. तिनं अट घातली तर मी यावलला येतो, तुमच्या ओट्यावर बसून बोलू. तिनं नाही घातली तर तुम्ही या. पण आज माझ्याकडून शब्द नाही. ज्योत्स्ना, तू दारामागं उभी आहेस ते मला दिसतं, रडू नको, तो नारळ उचल अन् बाहेर घेऊन चल, गाडीपुढं फोडायचा आहे. – चहा? चहा राहू द्या आता भाऊ, थंड झाला. किल्ली तुमच्याजवळच आहे ना? उठा मग. तुमची गाडी जरा बाजूला घ्या, आम्हाला निघायचं आहे.