शेवटच्या वॅगनचा नंबर

मंडळी, बसून घ्या. नानी, तुम्ही खुर्ची जरा पुढे घ्या. सोसायटीच्या याच हॉलमध्ये गणपतीत मी माईक सोडत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. आज मात्र माईक हातात घ्यायला नको वाटतंय. उरणकडून नानांच्या गावची माणसं आलीत, रेल्वेतले जुने सोबती आलेत. सगळे नानांबद्दल चांगलं बोलले. खरं बोलले. मी त्यासाठी उभा नाही राहिलो. मला एक गोष्ट कबूल करायची आहे.

मी सुहास. नानांच्या वरच्या मजल्यावरचा. नाना म्हात्रे म्हणजे जन्मभर मालगाडीच्या वॅगनवर पांढऱ्या रंगानं नंबर लिहिणारा पेंटर. रिटायर झाले आणि घरात वीतभर वॅगन बनवायला लागले. प्लास्टिकच्या शीटच्या, हुबेहूब. अडलं कुठे? नंबरात. तांदळाच्या दाण्याएवढा आकडा, ब्रश कितीही बारीक घ्या, नाही जमत. एका रविवारी जिना चढून माझ्याकडे आले. म्हणाले, "सुहास, तुजा तो प्रिंटर हाय ना, त्यावर आकडं निघतील काय?"

झालं! तिथून आमचे रविवार सुरू झाले. एक खास कागद मिळतो. त्यावर छापायचं, पाण्यात बुडवायचं, की छपाईचा पातळ पापुद्रा कागदावरून सुटतो आणि वॅगनवर सरकवता येतो. त्याला डिकॅल म्हणतात. नाना म्हणायचे साय. "साय सुटली रे!" असे ओरडायचे, की खाली वॉचमनला ऐकू जायचं. आता प्रिंटर पांढरं काही छापत नाही. मग पांढरा कागद घ्यायचा, वॅगनचा तपकिरी रंग छापायचा आणि आकडे कोरे सोडायचे. त्या तपकिरीपायी नानांनी माझी शाई संपवली. "ह्यो गेरू झाला. ह्यो चॉकलेट झाला. आपली वॅगन अशी नसते."

घरच्या प्रिंटरची शाई पाण्यात विरघळते. म्हणून छापल्यावर पारदर्शक लॅकरच्या स्प्रेचे तीन हात द्यायचे, प्रत्येक हात नीट सुकू द्यायचा. हे काम माझं. पाण्यात सोडणं आणि चिकटवणं नानांचं. अशी आमची वाटणी होती.

अख्खी मालगाडी तयार झाली, एक वॅगन राहिली. तिच्यावर त्यांना एकच नंबर हवा होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यार्डात त्यांनी हातानं लिहिलेला. तो त्यांना पाठ होता. "ही झाली का गाडी पुरी झाली," म्हणायचे. मी शनिवारी नंबर छापला. गॅलरीत स्प्रेचा पहिला हात मारला. आणि टीव्हीवर मॅच लागली होती हो! साधी वनडे. कोण जिंकलं, तेही आज आठवत नाही. दुसरा हात राहिला, तिसरा राहिला. रविवारी नानांनी विचारलं, "तीन झालं ना?" मी म्हणालो, "झाले की! माझ्यावर विश्वास नाही का?"

विश्वास होता. तोच नडला.

नानांनी साय वाटीत सोडली. नेहमी तीसपर्यंत मोजायचे, ओठातल्या ओठात. पंधरा झाले आणि पाणी तपकिरी झालं. नंबर बघता बघता वाटीत पसरला. मला त्याच क्षणी कळलं. पण नाना वाटीकडे बघत नव्हते. स्वतःच्या बोटांकडे बघत होते. म्हणाले, "मीच दाबली वाटतं. माजं हात गेलं रे आता."

आता तरी मी तोंड उघडावं की नाही? उघडलं. काय बोललो सांगू? म्हणालो, "असू दे नाना, वयानं होतं असं."

त्या दिवसापासून नानांनी वॅगनला हात लावला नाही. मी म्हटलं, दुसरी छापतो. "नको, कागद फुकट जाईल," म्हणाले. नानी त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, हातांना काही झालेलं नाही. नानांना पटलं नाही. पेंटरच्या हातातलं डॉक्टरला काय कळतंय! मला कळत होतं. आज सांगू, उद्या सांगू. वर्ष गेलं. जिन्यात नाना दिसले, की मी उगाच फोन कानाला लावायचो. लाज वाटते मला, मंडळी. गेल्या आठवड्यात त्यांच्या छातीत कळ आली आणि सांगायचं राहूनच गेलं.

तिसऱ्या दिवशी नानींनी ती कोरी वॅगन मला दिली. म्हणाल्या, "दुपारी वाटीत पानी घेऊन बसायचे. जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे भिजवायचे नि मोजत बसायचे. मी इचारलं, ह्ये काय? तर म्हनले, हात परत बसवतोय."

ऐकलंत? चूक माझी, आणि सराव ते करत होते. रोज. माझ्या घराच्या बरोबर खाली.

नानी, तुम्हाला हे आत्ताच कळतंय. तुम्हाला आधी एकटीला सांगायला हवं होतं. पण "नाना आता थकले, हात चालत नाहीत," असं चारचौघांत सांगत फिरणारा मीच होतो. म्हणून चारचौघांतच ते परत घेतोय. रागवा. पायरी चढू नकोस म्हणा. मी काही बोलणार नाही.

नानांच्या फोटोपुढे ती वॅगन ठेवली आहे. शेजारी पाण्याची वाटी आहे. तोच नंबर परवा पुन्हा छापला. तीन हात दिले, तिन्ही सुकवले. एक काम करू या. दोन मिनिटं शांतता वगैरे नको. आपण सगळे उभे राहू आणि नाना मोजायचे तसे मनातल्या मनात तीसपर्यंत मोजू. तेवढ्यात मी साय पाण्यात सोडतो.

या वेळी ती टिकणार आहे. नाना, तुमच्या हातांना काही झालं नव्हतं हो. कधीच नाही.

उभे राहा मंडळी. एक...