नंदीशच्या मशीनची कॉइल

न्यायला आलास न्हवं? ने की. तुझंच हे धूर वढायचं मशीन हाय, सिगारेट सुटावी म्हणून तूच दिलंतंस नंदीशला — मी कुटं न्हाय म्हणते? फक्त कॉइल बसवू दे. उगडं कसं देऊ? बस, गुरु. पलंगावर बस. त्याचाच हाय, बसलास म्हणून काय होत न्हाय.

तार अशी स्क्रूड्रायव्हरवर गुंडाळायची — तार जाड, वेढे कमी, म्हंजे रजिस्टन्स कमी येतो आन् धूर दाट. लईच कमी झाला तर मशीन पेटतच न्हाय, पडद्यावर नुसतं ‘तपासा’ म्हणून दाखवतं. मला कुणी शिकवलं? त्यानंच की. म्हणायचा, आई, तुझा हात हलत न्हाय, तूच कर. कापूसबी मीच घालायची. पयल्यांदा काय केलं म्हाइताय — देवाच्या वातीसारखी बोटाला विभूती लावून घट्ट वळली, दिली आत सारून. एक झुरका वढला आन् खोकून खोकून बेजार — म्हणतो, आई, माझी आरती करतीस का काय? लई हसलो दोगं. आता सैल घालते. म्हंजे — तवा घालायची.

काय बगतोस? नंदीश जाऊन पाच म्हैने झाले, मग जुनी कॉइल काळी कशानं पडली — ह्येच ना मनात? लेकीनं फोन केलता व्हय तुला, उर्वीनं? वाटलंच. आईला व्यसन लागलं म्हणाली आसंल. व्यसन न्हाय रं. वळसंगच्या रोडवर त्याची गाडी घसरली, दवाखान्यातनं घरी आणला तवा अंगाला नुसता स्पिरिटचा वास. मला रडूबी आलं न्हाय. आजबी येत न्हाय — लोकं म्हणतात चन्नम्मा दगड हाय, म्हणू देत. उर्वीनं त्याची कापडं धुतली, गादी उन्हात टाकली, चांगलंच केलं पोरीनं. मग त्याचा वास ऱ्हायला कुटं? ह्या मशीनच्या आंब्याच्या वासाच्या धुरात. दुपारी दार लावते, एक वढते, सोडते, बसून ऱ्हाते. खोकला येतो. डॉक्टर म्हणाले, छातीत आवाज येतोय, काय वढता का? मी म्हणलं, न्हाय. उर्वी शेजारीच बसलीती.

हे बग, बटण दाबलं की कॉइल मदनं लाल झाली, मग लाली कडंला गेली — म्हंजे नीट बसली. आता कापूस. आता हे आंब्याचं पाणी, चार थेंब. झालं. घे.

थांब. तोंड तिकडं कर जरा.

...

हं. घे आता. बाटलीबी ने. उर्वीला सांग, दिलं म्हणून, भांडली न्हाय म्हणून. चहा ऱ्हाऊ दे, पुन्यांदा कधीतरी. निघ तू. आन् जाताना दार घट्ट वढून घे — धूर हाय आजून खोलीत.