भुऱ्या चावला नव्हता

...आता चावला असता तर मी एक शब्द बोललो नसतो, पर तुम्हाला सांगतो, भुऱ्या चावला नव्हता. आमच्या शेजारच्या धोंडप्पाचं कुत्रं ते. त्याची पोरगी पारू ह्या भुऱ्याचा कान धरून उभं राहायला शिकली, त्याच्या पोटावर डोकं ठेवून झोपली, कुत्र्यानं कधी हूं केलं न्हाई. मग दुष्काळ पडला. माणसाला अर्धी भाकर, तिथं कुत्र्याला किती, चतकोर... आन् त्या चतकोरात पारूनं हात घातला. भुऱ्या गुरगुरला. नुसता गुरगुरला हो, चावला नव्हता.

धोंडप्पानं पोरीला मागं ओढलं. "ह्याला आजच्या आज सोडून येतो." बायको केवळाबाई म्हणली, "अवो, उपाशी जीव हाय. तुमच्या ताटात कुणी हात घातला तर तुम्ही काय भजन म्हणता? पोरीला शिकवा, तो खाताना जवळ जायचं न्हाई म्हणून." ऐकतो कुठं? रिकामा ट्रक उदगीरला निघाला होता, त्यात बसवलं कुत्र्याला. भुऱ्या खूश, मालकाच्या मांडीवर डोकं, जसं काय सासुरवाडीला निघालाय. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, उतरवून अख्खी भाकर टाकली, आन् काय मनात आलं, धोंडप्पानं त्या भाकरीला हात घातला. पुन्हा गुरगुरला म्हणजे आपलं खरं, असं त्याच्या मनात असंल बघा. भुऱ्यानं तोंड काढून घेतलं, बाजूला सरकला, शेपूट हलवत बसला... घ्या, तुम्हीच खा. आन् हा बहाद्दर धोंडप्पा त्याला तिथंच सोडून ट्रकात चढला.

तवापासून घास गिळवत न्हाई त्याला. भाकर मोडली की वाटतं, शेजारून कुणीतरी तोंड काढून घेतलं. दाराशी नखं वाजतात, उठून बघतो तर वारा. पुन्हा उदगीरला जाऊन मोंढाभर हिंडला, हमाल म्हणले, "मामा, कुणाला हुडकून राहिलात?" काय सांगतो? जो चावला नव्हता, त्याला?

इकडं पारू विचारून राहिली, "बाबा, भुऱ्या कुठाय?" तवा उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा नवाच झालेला, ज्याच्या त्याच्या तोंडी नोकरी. धोंडप्पा बोलून गेला, "त्याला लातूरला नोकरी लागली, कलेक्टर कचेरीत. राखणीला."

"घरी कधी येईल?"

"नवा जिल्हा हाय बाई, लई काम पडलंय."

पोरगी रडली न्हाई, गल्लीभर सांगत सुटली, आमचा भुऱ्या लागला म्हणून.

मग गल्लीतले म्हातारे गुंडप्पा आले काठी टेकत. कानानं अंमळ कमी. "धोंडप्पा, तुमचा भाऊराव लागला म्हणं कलेक्टर कचेरीत. आमच्या नातवाचं, मन्मथचं बी बघा की."

आता खरं सांगावं तर सगळंच सांगावं लागतंय... ट्रक, मोंढा, ती भाकर. धोंडप्पानं खाली बघितलं.

म्हणला, "बघतो."