रघुनाथराव अ‍ॅब्सॉर्ब झाले

...अहो, 'नोकरी शाबूत आहे, भोपाळला या' एवढं सरळ लिहायला सरकारची बोटं झिजली असती का? तुम्हाला सांगतो, छप्पन साल, मध्यभारत मोडला, राजधानी भोपाळला गेली, आणि मागे राहिलेल्या जुन्या राजधानीत, गोरखी आळीतल्या आमच्या रघुनाथरावांच्या हातात इंग्रजी कागद पडला! दरबारच्या शिकारखान्यातले कारकून हो, संस्थान गेलं तेव्हा जंगलखात्यात ढकलले, आता म्हणे मासळीखात्यात 'अ‍ॅब्सॉर्ब' केलंय, पंधरा दिवसांत हजर व्हा! पन्नाशीचा माणूस, घरात कमावता एकटा!

शेजारचे लक्ष्मीकांत मास्तर डिक्शनरी घेऊन धावले. "लॅटिन आहे, लॅटिन! अ‍ॅब म्हणजे पासून, सॉर्बेरे म्हणजे भुरकणे! प्रयोग ऐका, टीपकागद शाई अ‍ॅब्सॉर्ब करतो!" रघुनाथरावांच्या विजयाबाई आतून म्हणाल्या, "म्हणजे पुरणपोळी तूप पिते तसं?" "अगदी तसंच, वहिनी!" घ्या! चार दिवस आळीभर हेच, शाई आणि तूप! आणि रघुनाथराव आपले गप्प.

बरं, अर्थ कळला, मग निघावं की नाही? छे! रोज दहाला पगडी घालून ओसरीवर बसायचे ते पाचला उठायचे. लेक शामला रडकुंडीला आली, "बाबा, चले जाओ ना! गाडी रोज जाती है, बारा दिवस झाले!" तेव्हा कुठे तोंड उघडलं. "दरबारचा रिवाज आहे, पोरी. हुकूम आला की खात्याचा माणूस न्यायला येतो. आपण होऊन गेलं की हपापलेले दिसतो." अहो, कुठला दरबार? कुठला माणूस? पण आठ वर्षांत दोनदा राज्य बदललं, मन पार बधिर झालं होतं हो त्यांचं! राग नाही, भीती नाही, काही नाही.

आणि विसाव्या दिवशी खरंच माणूस आला! खाकी कपडे, सायकल, काखेत पिशवी. रघुनाथराव उठले, जोडे घातले, उपरणं नीट केलं. तो म्हणाला, "बाबूजी, चलना नहीं है, बस दस्तखत कर दो." पुन्हा इंग्रजी कागद! मुदतीत आला नाहीत, जागा भरली, सेवा समाप्त.

मास्तर धापा टाकत आले. "थांबा थांबा, 'टर्मिनेट'! याचंही मूळ लॅटिनच असणार!"

रघुनाथरावांनी पगडी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, "राहू द्या, मास्तर. हे मला मराठीत समजलं."